दुसऱ्याच्या रानातलं खुरपणं

अकरावीला मी लातूरला शिकायला गेले आणि माय माझ्यासोबत नुसती बसायला आली. तिरकस वाटेल, पण तसंच होतं. आमच्या जळकोटकडं पोरगी हुशार निघाली की लातूरला खोली करतात आणि स्वयंपाकाला आईला धाडतात. गावातल्या सरांनी 'ही डॉक्टर होणार' असं चारचौघांत सांगून टाकलं होतं. त्यानंतर मला कुणी घागर उचलू दिली नाही.

माय म्हणजे दिवसभर रानात राबणारी, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेली बाई. खोलीत दोघींचा स्वयंपाक सकाळी नऊलाच आटपायचा. मग ती भिंतीला टेकायची. फोनवर जरा मोठ्यानं बोलली की मी डोळे वटारायचे.

खोलीच्या मागं अजून प्लॉट न पडलेलं एक रान होतं, सोयाबीन पेरलेलं. एका सकाळी तिथं बायका खुरपताना दिसल्या आणि माय खाली उतरली, ती दुपारीच आली. साडी गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली, चेहरा उजळलेला.

"लई बरं वाटलं गं! त्यातली एक आपल्याकडची, देवणीची निघाली."

दोन भाकरी खाल्ल्या, त्या देवणीवालीची नक्कल करून दाखवली. मी मात्र भडकले होते. क्लासमधल्या मैत्रिणीनं तिला खिडकीतून बघितलं होतं. "डॉक्टर होणाऱ्या पोरीची माय दुसऱ्याच्या रानात फुकट खुरपती, शोभतं का तुला?"

"बरं, न्हाई जात," म्हणाली. परत कधी गेली नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं, एवढी मी मूर्ख.

डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मी रडले, मग सावरले. आता उदगीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि मला ते आवडतं. माय गावी परतली, पण रानाकडं फिरकली नाही. तिला उठवावं लागायचं, वेणी घालावी लागायची. पोरीचं झालं नाही म्हणून मनाला लावून घेतलं, असं सगळे म्हणायचे. मलाही तेच वाटायचं, आणि खरं सांगते, तिचा राग यायचा. माझं अपयश मी पचवलं, हिला काय झालं?

शेवटी नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच दिलं. गोळ्या लिहून ते म्हणाले, रोज चालवा, हाताला काहीतरी काम द्या. मी तिला उदगीरला आणलं. पहाटे दोघी चालायला जायचो. आधी शंभर पावलांतच ती खाली बसायची. दोन महिन्यांत रेल्वे स्टेशनपर्यंत यायला लागली, शेंगा फोडायला लागली, थोडं थोडं बोलायला लागली. मी मनातून खूश होते.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी थेट तिलाच विचारलं, हे कधीपासून होतंय?

"निकाल लागल्यापासून," मी सवयीनं म्हणाले.

"न्हाई," माय म्हणाली. "लातूरला होते तवापासून. छाती दडपून यायची, दिवसदिवस रडू यायचं. हिचा अभ्यास चालू होता ना, म्हून तोंडात पदर कोंबून रडत होते."

डॉक्टर लिहून घेत राहिले. त्या खोलीत माझं टेबल तिच्यापासून चार हातांवर होतं.