पहिलं माप

नव्या ज्वारीचा वास आला की लोणंदजवळची माझी अंगणवाडी आठवते. मुलांनी खेळता खेळता मोजायला शिकावं म्हणून मी एकदा ज्वारीचा ढीग मांडला आणि मापाला करवंट्या दिल्या. एक चिमुरडी करवंटी भरभरून टोपलीत ओतू लागली, "लाभ, दोन, तीन..." मी थांबवलं, "अगं, आधी एक म्हण." ती करवंटी तशीच धरून म्हणाली, "आवं बाई, एक म्हनलं की रास सरती!" मला गंमत वाटली. मी अंगणातला खडा उचलून विचारलं, "मग हे किती?" "एक," ती लगेच म्हणाली, "खडं सरलं तर सरू द्या की!" आज एकटीपुरतं दळण काढताना एकच माप भरलं, आणि रिकाम्या घरात मी मोठ्यानं म्हटलं, "लाभ."