निरोप आला तो अमेरिकेमार्गे

मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. भूत, आत्मा, इशारे, संकेत… असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि वर्गात कुणी असलं काही काढलं की मी त्याला फळ्यापाशी बोलावून सिद्ध करायला लावते. तरीही आज इथे लिहितेय, कारण माझा सख्खा मोठा भाऊ वर्षभर नातेवाइकांत सांगत फिरतोय की हे सगळं नंदूने, म्हणजे मी, घडवून आणलं, फोनवर कुणाला तरी आप्पांचा आवाज काढायला लावला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं मांडते, तुम्हीच ठरवा.

आम्ही मूळचे उदगीरकडचे, पण हैदराबादेत आता तिसरी पिढी. बरकतपुऱ्यात तळमजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, जामबागेतल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. बास्केटबॉल हा त्यांचा जीव की प्राण. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या मैदानाच्या कठड्यावर बसून गृहपाठ करायची. घरात शुद्ध मराठी बोलणारे आप्पा मैदानावर गेले की पक्के हैदराबादी व्हायचे. फ्री थ्रो मारणाऱ्या पोराला आधी चेंडू पोटाशी धरून उभं करायचे. सगळे ओरडत असायचे, पण आप्पा लाइनीपाशी जाऊन हळूच म्हणायचे, "हल्लू, बेटा. हल्लू." मगच त्याने चेंडू वर उचलायचा.

दादा वीस-बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. त्याची मुलगी इरा, माझी भाची, तिथल्या एका छोट्या कॉलेजच्या मुलींच्या टीममधून खेळते. दादाला चेंडूचा गंध नाही, पण आजोबांचं वेड नातीत उतरलं. प्रत्येक मॅचच्या आधी ती आप्पांच्या टॅबवर व्हिडिओ कॉल करायची. आप्पा तिच्याशी मराठीतच बोलायचे, मैदानावरचं हैदराबादी तिने कधी ऐकलं नव्हतं.

मग आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आठ महिने त्यांच्या तोंडातून 'अं' याच्या पुढे काही निघालं नाही. स्पीच थेरपीवाली यायची, मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून "आप्पा, म्हणा, नं-दू" असं करायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ओठ हलायचे, शब्द नाही. इराचा कॉल मात्र चुकला नाही. ती स्क्रीनवर हात दाखवायची आणि आप्पा डाव्या हाताने स्वतःचं उजवं कोपर आत दाबून दाखवायचे. शॉट मारताना तिचं कोपर बाहेर जातं, ही त्यांची जुनी तक्रार. "कोपर आत, गॉट इट," म्हणून ती हसायची.

मार्चमध्ये तिकडे कॉलेजांची मोठी स्पर्धा असते. जिंकलात तर पुढे, हरलात की थेट घरी. इराची टीम पहिल्यांदाच त्यात पोचली होती. आणि तिच्या पहिल्या मॅचच्या दोन दिवस आधी आप्पा गेले, सकाळी चहा पाजताना, माझ्या हातावर.

दादाला फोन केला. रडला, हो, रडला. आणि डोळे पुसून पहिलं वाक्य काय तर, "नंदू, इराला सांगू नकोस हं. मॅच आहे तिची."

"आणि तू? येतोयस ना?"

"तिची मॅच सोडून मी अचानक इंडियाला निघालो तर तिला कळणार नाही का? तू आहेस ना तिथे. तू सगळं नीट करशील."

म्हणजे बघा. अग्नी मी दिला. अंबरपेटच्या स्मशानात गुरुजींनी विचारलं, मुलगा कुठाय? मी म्हटलं, मुलगी आहे, सुरू करा.

आमच्याकडे परीक्षा चालू असली की मरणालाही उंबऱ्याबाहेर थांबवतात. माझ्या बारावीच्या वेळी मामा गेला तेव्हा मला शेवटच्या पेपरनंतर सांगितलं होतं. पेपर संपल्याच्या आनंदात मी सिनेमाला जायची तयारी करत होते, आणि आप्पांनी मला खाली बसवून सांगितलं. लपवायचं त्यांनीच ठरवलं होतं. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यामुळे इराच्या पोटात काय होईल ते मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

तरी मी गप्प बसले. इराचा कॉल आला तेव्हा व्हिडिओ बंद ठेवून म्हणाले, "आप्पा झोपलेत गं." ती म्हणाली, "ओके, त्यांना सांग मी जिंकणार." आणि तिची टीम जिंकली.

दादा म्हणाला, अजून एकच मॅच. दुसऱ्या मॅचआधी इराने पुन्हा विचारलं, "परत झोपलेत? आत्या, त्यांना बरं नाहीये का?" मी म्हटलं, औषधाने गुंगी येते. ती मॅचही त्या जिंकल्या, पण इराचे फ्री थ्रो चुकत होते. कोपर बाहेर जात होतं, मला इथून दिसत होतं. दादाचा लगेच फोन आला, "आता थांबायचं नाही हं नंदू, आता तर शेवटच्या सोळांत आल्यात." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि इथे मेलेल्या बापाला रोज झोपलाय म्हणून सांगायचं ते मी. खरं सांगते, सुतकात बसून मी माझ्याच भाचीची टीम हरावी म्हणून प्रार्थना करत होते. माझी प्रार्थना कुणाला पोचते की नाही ते माहीत नाही, कारण मी कधी केलीच नव्हती.

तिसऱ्या मॅचआधी मी दादाला सांगून टाकलं, "आज तिचा फोन आला तर मी खरं सांगणार." तो ओरडला, मी फोन ठेवला.

मॅच आमच्याकडच्या पहाटेआधी होती. मी जागीच होते. हॉलमध्ये जिथे आप्पांचा पलंग होता तिथे दहा दिवसांचा दिवा ठेवला होता. माझी श्रद्धा नाही, पण आई गेली तेव्हा आप्पांनी तो विझू दिला नव्हता, म्हणून मीही विझू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. रात्रभर एकटीच तेल घालत बसायची. वरच्या लक्ष्मीगारू रोज डबा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पडुको अम्मा, थोडं झोप," पण झोप येत नव्हती. आणि हे बसणं मी दादाला सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

त्या रात्री आप्पांचा टॅब माझ्या मांडीवर होता. इराच्या कॉलची वाट पाहत होते, वाक्य मनात जुळवत होते. कॉल आला नाही. मॅच सुरू होण्याच्या बराच आधीपासून मी त्याच टॅबवर मॅचचा कार्यक्रम लावून बसले होते, आणि तो माझ्या हातातून सुटला नव्हता. हे लक्षात ठेवा.

पहिल्या हाफमध्ये समोरच्या टीमने फाउल केला आणि इराला फ्री थ्रो मिळाले. ती लाइनीवर आली… आणि तिने चेंडू पोटाशी धरला.

असं ती कधीच करत नाही. ती दोनदा चेंडू आपटते आणि मारते, सगळ्या मुली तसंच करतात. पण ती चेंडू पोटाशी धरून उभी राहिली. कॅमेरा जवळ आला होता. तिचे ओठ काहीतरी म्हणाले. मग तिने चेंडू उचलला, कोपर आत, आणि तो सरळ जाळीत. दुसराही. त्या मॅचभर तिचा एकही फ्री थ्रो चुकला नाही. मी स्वतःला म्हटलं, कोचने शिकवलं असेल. शिकवणं हा माझा धंदा आहे, असं होतं.

टीम थोडक्यात हरली. मला वाटलं होतं सुटले म्हणून रडेन, पण मी नुसतीच बसून राहिले. तासाभरात इराचा माझ्या फोनवर कॉल आला. मला वाटलं हरल्यामुळे रडत असेल. ती हसत होती.

"आत्या, यू आर सो मीन! आप्पा बोलायला लागले आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, "काय?"

"त्यांनी कॉल केला ना, मॅचच्या आधी. त्यांच्या टॅबवरून. स्क्रीन काळी होती, पण आवाज इतका क्लिअर! मला म्हणाले कोपर आत ठेव. आणि बॉल आधी पोटाशी धर, मग… आत्या, हल्लू म्हणजे काय? ही केप्ट सेइंग, हल्लू बेटा, हल्लू."

ती आपली बोलतच होती. "आणि तुझ्यासाठी मेसेज दिला. म्हणाले, आत्याला सांग, दिव्यापाशी बसू नकोस, झोप. कुठला दिवा? पॉवर कट आहे का तुमच्याकडे?"

मी त्या दिव्याकडे बघत होते. वात नीट जळत होती.

मग मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, जुळवलेलं वाक्य नव्हतंच ते. मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "पण आत्या, ते हसले पण." आणि मग ती रडायला लागली, आणि तिने विचारलं की डॅडला माहीत होतं का. मी हो म्हणाले. खोटं बोलायची माझी पाळी संपली होती.

तिने मला तिच्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. आप्पांच्या नावाने आलेला कॉल, उचललेला. माझ्या मांडीवरच्या टॅबमध्ये मात्र कसलीच नोंद नाही. दादाने तिकडच्या कुणा मित्राला विचारून सांगितलं की हल्ली कुणाचाही आवाज बनवता येतो. येत असेल. पण आप्पांचं मैदानावरचं बोलणं कुणी कधी रेकॉर्ड केलेलं नाही. आणि दिव्यापाशी मी एकटी बसते हे त्या यंत्राला कुणी सांगितलं? त्यावर दादाचं उत्तर तयार — "तूच." इरा त्याच्याशी महिनोन्‌महिने बोलली नाही, आणि ते खापर त्याला कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचंच होतं. त्याने मरण लपवलं हा गुन्हा नाही, ते उघडं पडलं हा माझा गुन्हा.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. नेटवर्क, अकाउंट, जुने कॉल, सगळं. मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही, आणि दादाला तर मुळीच नाही. इरा आता मला दर आठवड्याला फोन करते. मॅच असली की चेंडू पोटाशी धरते.

झोपायला सांगितलं होतं, पण मी त्या रात्री झोपले नाही. दहावा होईपर्यंत एकही रात्र झोपले नाही, मुद्दाम. कारण माझा सगळ्यात मोठा राग दादावर नाहीच. आठ महिने मी रोज संध्याकाळी समोर बसून "म्हणा, नंदू" म्हणत होते. शेवटी वाचा फुटली, आणि दोन हातांवर बसलेल्या मुलीला झोप म्हणून सांगायला निरोप पाठवला तो अमेरिकेमार्गे. आप्पा, मी तिथेच होते. मला एकदा हाक मारायला काय झालं होतं?