गुळाचे हात

प्रिय मही आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मही म्हणाली, "आजी, माझ्या दंडावरचा सेन्सर साखरेचे काहीही आकडे दाखवतो. मी तो काढून ठेवणार आहे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "पण गुळाचे आजोबा मला दर वेळी फोनवर आधी 'हात धुतलास का' असं का विचारायचे गं? मी काय कुक्कुलं बाळ होते?" तेव्हा मला सगळं सांगता आलं नाही. आजोबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता, आणि त्यांचं नाव निघालं की माझा आवाज नीट राहत नसे. म्हणून आता बसून क्रमानं लिहिते आहे. हे पुरवणीत छापून येईल, चार लोक वाचतील. पण लिहिते आहे ते तुम्हा दोघांसाठीच.

तुमचे गुळाचे आजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्ता. तो गेला त्या दुपारी त्याच्या बायकोचा, शालनचा फोन आला. "वन्सं, लवकर या. जेवून जरा आडवं झालेत, ते उठंनात..." मी रिक्षानं पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हृदय झोपेतच थांबलं होतं. दत्ताचा चेहरा अगदी नेहमीचा होता, सौदा मनासारखा झाल्यावर असायचा तसा. जेवणाच्या टेबलावर त्याचं साखर तपासायचं मशीन होतं आणि खुर्चीच्या पाठीवर पंचा. मी उगाच काहीतरी आवरावं म्हणून तो पंचा उचलला, तर तो ओला होता. म्हणजे जेवणाआधी त्यानं हात धुतले होते, पुसले होते, बोट टोचून साखर पाहिली होती. शालन म्हणाली, आकडा चांगला आला होता म्हणून त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी जास्त घेतली.

त्या ओल्या पंच्याचं कारण समजायला तुम्हाला दत्ताचा धंदा कळायला हवा. मार्केट यार्डात त्याची गुळाची अडत होती. गावोगावचे शेतकरी गुऱ्हाळातून गुळाचे मोठे रवे, म्हणजे ढेपा, त्याच्या गाळ्यावर आणून उतरवत, आणि सौद्याच्या वेळी दत्ता ते व्यापाऱ्यांना दाखवून विकून देई. गूळ कसा आहे हे दोन्ही बाजूंना त्याच्या तोंडून ऐकायचं असे. रव्याचा कोपरा मोडायचा, खडा जिभेवर ठेवायचा, खारवट लागतो का बघायचं, मग चिमटीत चुरून कण बघायचा. कुरुंदवाडकडचा एक शेतकरी म्हणायचा, "अण्णांनी चांगला म्हटला तर चांगला, वाईट म्हटला तर घरी नेऊन आम्हीच खाऊ." अण्णा म्हणजे दत्ताच. त्याच्या शब्दावर माल विकला जाई, आणि त्याला अभिमान होता तो एवढ्याच एका गोष्टीचा.

नव्वदच्या दशकात, ऐन चाळिशीत त्याला साखरेचा आजार निघाला. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. गुळाच्या अडत्याला मधुमेह, म्हणजे यार्डात वर्षभर पुरेल असा विनोद झाला. दत्तानं मात्र अंबाबाईच्या देवळात जाऊन सांगून टाकलं की यापुढे गूळ जिभेला लावणार नाही. आणि खरंच लावला नाही. जिभेचं काम त्यानं बोटांना शिकवलं. आधी एकदा चुरायचा, ते आता तीनतीनदा चुरू लागला; अंगठा आणि दोन बोटं यांच्यामध्ये गूळ मळायचा, ताणून बघायचा, वास घ्यायचा. तुमच्या बाबांनी परदेशातून बोट टोचून साखर बघायचं मशीन पाठवलं होतं. ते तो आधी फक्त सकाळी घरी वापरी; पुढे कातडी पाकिटात घालून गाळ्यावर नेई आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुपारी जेवणाआधी तिथंच साखर बघे. दवाखान्यात शिकवलं होतं तसं बोटाला स्पिरिटचा कापूस लावायचा आणि टोचायचं.

काही वर्षं ठीक गेली. मग इन्सुलिन वाढलं, दुपारचीही साखर बघायची ठरली, आणि ते दुपारचे आकडे बिघडलेले निघायला लागले. सकाळी घरी आकडा बरा, दुपारी गाळ्यावर आभाळाला भिडलेला. सगळ्यांना एकच कारण सुचलं. शालन तर सरळच म्हणाली.

"खाता तुम्ही. कबूल करा की."

"एक कण न्हाय खाल्ला."

"मग काय गूळ नुसता बघून साखर चढती व्हय?"

"आक्का, तू तरी सांग हिला," तो माझ्याकडे वळून म्हणाला. मी त्याची बाजू घेतली नाही. आकडा मशीननं दिला होता, आणि मशीनला खोटं बोलायचं काय कारण? घरातले गुळाचे डबे शालननं कुलपात घातले. यार्डातले शेजारी अडते त्याच्या मिशा बघून "काय अण्णा, पुसल्या नव्हं नीट?" म्हणायला लागले. लोक हसत, तोही हसे. पण गूळ दाखवताना त्याचा आवाज खाली गेला होता. ज्याच्या शब्दावर माल विकला जायचा, त्याचा शब्द घरातच कुणी धरत नव्हतं.

आकडे बघून डॉक्टरांनी सकाळचं इन्सुलिन वाढवलं, पुन्हा वाढवलं. आणि एके दुपारी भर सौद्यात, हातात गुळाचा खडा असतानाच दत्ताला दरदरून घाम फुटला, पाय लटपटले आणि तो रव्यांच्या थप्पीला टेकून खाली बसला. त्याला बोलता येईना. गुळाच्या बाजारात दुसरं काय असणार हाताशी? एका हमालानं खडा फोडून त्याच्या तोंडात सारला, वर पाणी पाजलं. थोड्या वेळानं दत्ता भानावर आला, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "तोंडात कुणी घातला रं?" देवीला दिलेला शब्द मोडला म्हणून त्याला जास्त वाईट वाटलं होतं. यार्डात मात्र वेगळीच गोष्ट पसरली, की अण्णांना गुळाशिवाय झेपत नाही.

घरी ठरल्यासारखंच झालं की त्यानं अडत सोडावी. शालन रडून सांगत होती, मीही तेच सांगत होते. तेवढ्यात डॉक्टर मृणाल यांनी एक शंका काढली. त्या तेव्हा नुकत्याच शिकून आमच्या त्याच दवाखान्यात आल्या होत्या. "दुपारी एवढी साखर असणारा माणूस दुपारीच साखर उतरून पडतो कसा?" त्यांनी पुण्याहून एक सेन्सर मागवला. मही, तुझ्या सेन्सरचा तो पणजोबा समज. पोटाच्या कातडीखाली केसासारखी तार, तिला जोडलेली वायर आणि कमरेच्या पट्ट्याला एक डबी. तिच्यावर साखरेचा आकडा दिसत नसे. तीन दिवसांनी डॉक्टरांनी संगणकाला जोडली की दिवसरात्रीचा आलेख निघे. दत्तानं विचारलं, "म्हणजे ह्यो माझ्यावर पहारा हाय म्हणायचा?" डॉक्टर म्हणाल्या, "साक्षीदार म्हणा, अण्णा."

पण त्या साक्षीदाराला स्वतःहून फारसं कळत नव्हतं. तारेला एक बारीक विजेचा प्रवाह जाणवे. तो किती साखरेचा, हे तिला बोटाच्या थेंबावरून रोज चार वेळा शिकवावं लागे. बोटातून आलेला आकडा डबीत भरायचा, मग ती आपला हिशेब त्याला जुळवून घेई. दत्तानं अगदी इमानेइतबारे आकडे भरले, दुपारचे गाळ्यावरून. तीन दिवसांनी आलेख निघाला तर दुपारी डोंगर. शालननं कपाळाला हात लावला. दत्ता खाली मान घालून आपल्या बोटांकडे बघत बसला. डॉक्टर मात्र कागद सोडायला तयार नव्हत्या. संगणकानं खाली शेरा मारला होता की तार आणि थेंब यांचं जुळत नाही. "सेन्सर खराब असेल, किंवा थेंब," त्या म्हणाल्या. "दोघांतला एक चुकतोय, आणि कोण ते मला कळत नाही."

मग शालननं इतके दिवस मनात ठेवलेली भीती बोलून टाकली. "डॉक्टर, आता ह्यांच्या रक्ताला पण मुंग्या लागायला लागल्यात."

आमच्याकडे साखर फार वाढली की लघवीला मुंग्या लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे रक्तापर्यंत मुंग्या आल्या म्हणजे शेवट जवळ आला, असंच तिनं धरलं होतं. मी शेजारच्या खुर्चीत होते, मलाही तसंच वाटलं. डॉक्टर मात्र खुर्चीतून पुढे झुकल्या.

"कुठं लागतात मुंग्या?"

"त्या टोचायच्या पेनाला. आणि मशिनच्या पाकिटात. रोज झटकते मी."

"थेंब सांडलेला असतो तिथे?"

"थेंब कुठला? पेनाच्या दांडीवर. बटणावर. ह्यांचं बोट लागतं तिथं."

डॉक्टर दत्ताकडे वळल्या. "अण्णा, आत्ता कुठून आलात?"

"सौद्यावरनं की, सरळ."

त्यांनी त्याचा उजवा हात पुढे घ्यायला लावला, नेहमीसारखा स्पिरिटचा कापूस फिरवला, टोचलं. आकडा नेहमीसारखाच, भयंकर. मग म्हणाल्या, "आता तिकडे बेसिनवर साबणानं हात धुवा. नखांतून पण. कोरडे करा." तो धुऊन आला. त्याच हाताचं तेच बोट. मशीन आकडे मोजत होतं आणि आम्ही चौघं त्याच्याकडे डोळे लावून उभे होतो... आकडा आला तो निम्म्याहून खाली.

"स्पिरिटनं जंतू मरतात," डॉक्टर हळू म्हणाल्या. "गूळ जात नाही."

देवीसमोर जीभ आवरली तेव्हापासून दत्ता सगळा गूळ बोटांनी मळत होता, आणि तीच बोटं टोचत होता. रक्ताच्या थेंबात गुळाचा अंश मिसळे, मशीन तो प्रामाणिकपणे मोजे, आणि सेन्सर बिचारा आपलं खरं सोडून त्या थेंबाचं ऐके. गूळ न खाल्ल्यामुळेच तो गूळ खाणारा ठरला होता.

 दत्ता माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, मी खाल्ला न्हवता." एवढंच. त्याचे डोळे भरले होते. शालन डॉक्टरांवरच उखडली. "मग पहिल्याच दिवशी सांगायचं की हात धुवा म्हणून! माणूस मारला असता आम्ही!" डॉक्टर म्हणाल्या, "हो वहिनी, सांगायला हवं होतं." नंतर दवाखान्यात स्पिरिटच्या बाटलीशेजारी साबण आला, तो कायमचा.

दुसरा सेन्सर लावला तेव्हा दत्ता प्रत्येक थेंबाआधी हात धूत होता. या वेळी दुपारी डोंगराऐवजी खोल दरी निघाली. वाढवलेलं इन्सुलिन त्याला रोज त्या काठावर नेत होतं. ते कमी केलं. रात्री एक विचित्र खड्डा दिसला तर डॉक्टरांनी विचारलं, "पालथे झोपता का?" तो म्हणाला, "लहानपणापासून." तार अंगाखाली दाबली गेली की तिला साखर कमी भासते, असं त्यांनी सांगितलं. जेवणानंतरचा चढही तारेला जरा उशिरानं कळतो, कारण ती रक्तात नसते, कातडीखालच्या पाण्यात असते. मही, तुझा सेन्सर 'काहीही' दाखवतो तेव्हा आधी एवढं बघ: कुशीखाली दाबला गेला का, आत्ताच खाल्लंस का, आणि ज्या थेंबाशी ताडून बघतेस तो धुतलेल्या, कोरड्या बोटाचा आहे का. एवढं करूनही जुळलं नाही, तर डॉक्टरांना सांग. काढून मात्र ठेवू नकोस.

अडत सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. दत्तानं गाळ्याबाहेर एक नळ बसवून घेतला, जाळीच्या पिशवीत साबण टांगला, खुंटीवर पंचा. दुपारी हात धुऊन, बोटं वर धरून तो उभा राहिला की शेजारचे ओरडत, "काय डागदर, आज किती ऑपरेशनं?" तो म्हणे, "तुमचंच हाय, या आडवं व्हा." हळूहळू त्यांच्यातल्याच ज्यांना साखर होती ते मशीन घेऊन त्याच्या नळावर यायला लागले. गूळ दाखवताना त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला, यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. आणि मही, तुला हा आजार निघाल्याचं कळलं तेव्हा तो माझ्यासमोर रडला, मग तोंड धुऊन आला आणि तुला फोन लावायला सांगितलं. त्या दिवसापासून तुला तो जे विचारायचा, ते आता तुला कळलं असेल. पोरीवर कुणी खोटा आळ घेऊ नये, एवढीच त्याची काळजी होती.

परवा शालनबरोबर गाळ्यावर गेले होते. वय झालं म्हणून दत्तानं दोन वर्षांपूर्वी गाळा दिला, तेव्हापासून तिथे दुसरे अडते बसतात. त्यांनी आम्हाला चहा दिला, आणि निघताना म्हणाले, "वहिनी, पंचा तेवढा तुमच्याच घरचा राहू दे." गाळा आता त्यांच्या नावावर आहे. बाहेरचा नळ तिथंच आहे, जाळीत साबण आहे, आणि खुंटीवरचा पंचा आता दर सोमवारी शालन बदलून येणार आहे.