आमच्या वायफायवरचे पाच चोर

आता हसायचं तर पोटभर हसा, पण मधेच मला थांबवू नका. मला बोलताना कोणी थांबवलं की पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागतो. आणि हा जो गाढवपणा मी केला ना, तो एका दमातच सांगता येतो. दोन दमांत सांगायचा धीर माझ्यात नाही.

तर मी नववीत शाळा सोडली. मुरबाडच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. काम काय, तर फोनवर काच बसवायची. पण काच अशी बसवतो की खाली एक बुडबुडा दिसला तर नाव बदलीन! आमच्या वाडीला एवढं पुरलं. धसईच्या अलीकडे आमची वाडी, आणि तिथे मी म्हणजे इंजिनिअर. टीव्ही बिघडला, बोलवा सुरजला. मिक्सर बिघडला, बोलवा सुरजला. एकाने तर म्हशीच्या कानातला बिल्ला 'चालू आहे का' ते बघायला बोलावलं होतं. मी जाऊन बघूनही आलो.

कारण मला 'नाही' म्हणता येत नाही. खरं सांगायचं तर कोणाच्या तोंडावर मला काहीच म्हणता येत नाही.

माझी धाकटी बहीण प्रज्ञा मात्र उलटी. शिकलेली, बोलायला खडखडीत. रक्त तपासायचा कोर्स केलाय तिने. मागे तिची एक मुलाखत मोबाइलवर झाली होती. आमच्या वाडीला डोंगर आडवा, रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर. बिचारी तिथे बसून मुलाखत देत होती. ऐन उत्तराला नेट अडकलं. तोंड उघडलेलं ते पडद्यावर उघडंच राहिलं! समोरच्यांनी दोन मिनिटं वाट बघितली आणि पुढच्या मुलीला घेतलं. त्या दिवशी प्रज्ञा जेवली नाही. मीही नाही जेवलो, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

म्हणून मी घरी वायफाय घेतलं. केबलवाल्या संतोषने येऊन डबा बसवला, पासवर्ड सांगितला, डब्याची सेटिंग फोनवर कशी उघडायची तेही दाखवलं. पहिले काही दिवस नेट असं पळालं की काय विचारता! आणि मग एकदम बैलगाडी. तेवढ्यात कल्याणच्या एका हॉस्पिटलातून प्रज्ञाला पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी अकरा वाजता, लॅपटॉपवर.

त्या सकाळी मी दुकानाला सुट्टी टाकली.

"दादा," प्रज्ञा म्हणाली, "आज तुझी मला मोठी मदत पाहिजे."

"बोल ना!"

"तू काही करू नकोस. नुसता बाहेर बस."

"बसतो."

आतल्या खोलीत तिने लॅपटॉप उघडला, दार लावलं. मी पडवीत बसलो. बसलो म्हणजे काय, उठलो, दाराला कान लावला, अंगणात गेलो, परत आलो, घड्याळ बघितलं. साडेदहा. पुन्हा घड्याळ बघितलं. साडेदहाच! असं माणूस किती वेळ नुसता बसणार? तुम्हीच सांगा.

म्हटलं, नेट एवढं हळू का चालतं ते तरी बघू. फोनवर डब्याची सेटिंग उघडली. तिथे एक यादी असते, आपल्या वायफायवर कोण कोण आहे त्याची. आमच्या घरात किती? माझा फोन आणि प्रज्ञाचा लॅपटॉप. तिने स्वतःचा फोन बंद करून ठेवला होता, आणि आईचा तर बटणांचा. म्हणजे दोन.

यादीत सहा!

एक माझा फोन, तो मी ओळखला. बाकीचे पाच कोण? दोन कसलेतरी फोन, नुसतेच आकडे लिहिलेले. एक टीव्ही. आमच्या घरात वायफायचा टीव्ही नाही! एक कॅमेरा. कॅमेरा? आणि शेवटी लिहिलेलं, 'प्रीतम-पीसी'.

हा प्रीतम कोण? आख्ख्या वाडीत प्रीतम नाही!

माझ्या अंगाची आग झाली. बहिणीच्या नोकरीसाठी मी वायफाय घेतो आणि पाच चोर त्यावर मजा मारतात? पासवर्ड बदलावा, तर लोक नवीन विचारायला येणार, आणि मी सांगून टाकणार. मला माझी खात्री आहे. पण त्या यादीत प्रत्येक नावापुढे 'ब्लॉक' असं बटण होतं. कोणाशी भांडण नाही, कोणाच्या तोंडाकडे बघणं नाही. माझ्यासारख्या माणसासाठीच बनवलेलं बटण!

पहिला फोन ब्लॉक केला.

तोच शेजारून आवाज. आमची आणि बबनकाकांची घरं एकाला एक लागून, पडव्यांच्या मध्ये नुसता कुडाचा आडोसा. तिकडचं भांडं पडलं तरी इकडे आमची मांजर दचकते.

"अगो, माझ्या बातम्या थांबल्या!" काका.

"हलवून बघा," काकू.

"हलवायला काय रेडिओ हाय?"

मी गार! बबनकाका? एसटीत कंडक्टर होते. सख्ख्या मेहुण्याला गाडीतून उतरवलं होतं त्यांनी, तिकीट काढत नाही म्हणून. तो माणूस माझ्या वायफायवर फुकट?

दुसरा फोन ब्लॉक केला. आता काकू ओरडल्या, "अवो, माझंपण गेलं!" टीव्ही ब्लॉक केला. "आता गो बाय, ही बाई रडता रडता गोल गोल फिराया लागली!" म्हणजे काकूंची मालिका. कॅमेरा ब्लॉक केला.

"कोंबड्या गेल्या!" काका.

"कुठं गेल्या?"

"खुराड्यातच हायत, पण फोनात दिसत नायत."

"तुमचा फोन तर बंद पडलाय ना मघाशी?"

"तेच तर सांगतोय!"

एका घरात चार चोर! मला सांगा, वाईट वाटणार नाही का? दर रविवारी त्यांच्याकडचं मटण खाऊन मी मोठा झालो. मनात म्हटलं, काका, मागितलं असतं तर दिलं असतं हो.

तेवढ्यात काका स्वतः आमच्या पडवीत आले. हातात फोन.

"सुऱ्या, तू यातला माणूस. बघ रे, आमच्या वायफायला काय झालं."

*आमच्या* वायफायला! चोरलेला आंबा आंबट निघाला म्हणून झाडाच्या मालकाकडेच तक्रार!

"वरूनच... गेलं असेल," मी त्यांच्या चपलांकडे बघत म्हणालो.

"प्रज्ञाचं चालू हाय ना पण?"

"हो."

"मग झालं. आमचं गेलं तर गेलं, पोरीचं नको जाया." जरा विचार करून म्हणाले, "तरीपण संतोषला फोन करतो. आमचं गेलं, म्हणजे तिचंपण मधीच जायचं."

"नको काका, कशाला..."

पण ते विहिरीकडे निघालेसुद्धा, रेंज शोधत.

अकरा वाजले. आतून प्रज्ञाचा आवाज आला, "गुड मॉर्निंग मॅडम." माझे पाय आपोआप चालायला लागले. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंधरा मिनिटं झाली. आत सगळं छान चाललं होतं. आणि नेमकं मला आठवलं, प्रीतम अजून मोकाट आहे!

जरा कल्पना करा. चार चोर गेले, सगळं नेट आता त्या एकट्याला. तो ते गटागटा पीत असणार आणि कुठल्याही क्षणी प्रज्ञाचं तोंड पडद्यावर उघडं राहणार. मी देवाचं नाव घेत नाही, पण दात मात्र खाल्ले आणि बटण दाबलं.

"मॅडम?" आतून आवाज आला. "हॅलो? मॅडम? दादाऽऽ!"

दार धाडकन उघडलं. प्रज्ञा लॅपटॉप घेऊन बाहेर.

"काय केलंस?"

"मी नाही, प्रीतमने केलं! जाता जाता सूड घेतला त्याने!"

"कोण प्रीतम?"

"तोच तर कळत नाही! 'प्रीतम-पीसी' नावाचा कोणीतरी..."

प्रज्ञाने डोळे मिटले. "दादा, हा लॅपटॉप आपण उल्हासनगरवरून जुना आणला ना? त्याच्या आधीच्या मालकाचं नाव आहे ते."

घ्या! चोर मोजताना यादीत तिचा लॅपटॉप शोधायचं मला सुचलंच नव्हतं.

"थांब, सोडतो, लगेच सोडतो त्याला!" मी म्हणालो. घाईत फोन दोनदा हातातून निसटला. यादी उघडली, प्रीतमवर बोट ठेवलं, आणि यादीच गायब! माझ्याही फोनचं नेट गेलं. तेवढ्यात आडोशापलीकडून संतोषचा आवाज. मोटारसायकल दामटत धसईवरून पोचला होता.

"काका, तुमचा डबा बंद करून परत चालू केलाय बघा."

काकांचा डबा? काकांकडे डबा आहे? आणि तो बंद केला तर माझं नेट का गेलं?

धावत पलीकडे गेलो. आडोशाला टेकून, मी जिथे बसत होतो त्याच्या अगदी पाठीमागे, काकांचा स्वतःचा डबा लटकत होता. हिरवे दिवे लुकलुकत चालू होत होते. संतोषने माझा फोन घेतला, डबा चालू होईपर्यंत थांबला, यादी उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"सुरजभाऊ, ही काकांच्या डब्याची यादी हाय. तुमी काकांना काकांच्याच वायफायवरून हाकललं!"

"पण नाव तर आमचंच दिसतंय! पासवर्डपण!"

"सगळ्या वाडीला मी एकच नाव, एकच पासवर्ड ठेवलाय. नायतर लोक विसरतात अन् माझं डोकं खातात. फोन काय, जो डबा जवळ दिसल त्याला चिकटतो."

"मग माझा डबा कुठे गेला?"

मागे आई येऊन उभी होती. पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "तो मी काढून ठेवलाय, झाले बरेच दिवस. त्याचा दिवा डोळ्यांवर यायचा. आणि काढला तरी तुमचं सगळं चालूच होतं. मग म्हटलं, वीज कशाला जाळा?"

म्हणजे इतके दिवस आमचं आख्खं घर काकांच्या वायफायवर! आणि मी तिथे बसून काकांनाच चोर ठरवत होतो. काका आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिले, तिकीट तपासताना बघायचे तसे. मला वाटलं आता उतरवतात.

पण ते ओरडले भलतंच. "अरे, ते राहू दे समदं! आधी पोरीचं जोडा!"

संतोषने पाचही जणांना सोडलं. प्रज्ञा लॅपटॉप घेऊन आत पळाली, दार लागलं. आम्ही सगळे पडवीत. कोणी खोकलंही नाही. एक कोंबडी कलकलायला लागली तशी काकूंनी तिला उचलून काखेत दाबली. आतून मधेच एखादा शब्द यायचा. मी चालायला लागलो, तर काकांनी दंडाला धरून खाली बसवलं. "तू आता काय करू नको," म्हणाले.

वीसेक मिनिटांनी दार उघडलं. प्रज्ञाचा चेहरा बघूनच आईला रडू फुटलं.

"घेतलं मला! एक तारखेपासून या म्हणाल्या."

काकूंनी टाळी वाजवायला हात उघडले आणि कोंबडी सुटली. काका म्हणाले, "अन् गो, मधी तुझं नेट गेलेलं, त्याचं कायच विचारलं नाय?"

"विचारलं ना. मी म्हटलं, मॅडम, आमच्या वायफायवर चोर शिरला होता."

"मग?"

"मॅडम म्हणाल्या, सापडला का?" प्रज्ञाने एकदा माझ्याकडे बघितलं. "म्हटलं, सापडला मॅडम. पण सख्खा भाऊ आहे, काय करणार!"