मावशीचा नेटपॅक

माझी धाकटी मावशी शिवाजी पेठेत दोन खोल्यांत एकटी राहते. पन्नाशी कधीच ओलांडली. लहानपणी मेंदूत ताप गेला आणि तेव्हापासून तिची समज वयाच्या मागं मागं चालत राहिली. शाळा तिसरीत सुटली, लग्न झालं नाही. पण स्वयंपाक, धुणीभांडी, सकाळी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शनाला जाणं, दुपारी फुलवाती वळून विकणं, हे सगळं ती चोख करते. तिचं अडतं ते वाचण्यात, हिशेबात आणि कुणालाही नाही म्हणण्यात.

आजी गेल्यावर सगळ्यांनी तिला आपापल्या घरी बोलावलं. आईनं तर तिची खोली तयार करून ठेवली होती. मावशी एका वाक्यात मोकळी झाली.

"मी न्हाय कुठं येत. हितनं पोरं मॅचला जाताना दिसत्यात की."

हे खरं होतं. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की तिच्या गॅलरीखालून झेंडे, हलग्या आणि मोटारसायकली जायच्या. पेठेतला संघ जिंकला की पोरं गुलाल उधळत यायची आणि खालूनच ओरडायची, "मावशी, दोन-एक!" राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये तिला असं कोण ओरडून सांगणार होतं?

मग मी एकच अट घातली. फोन कायम चालू राहिला पाहिजे. तिला एक साधा टच फोन घेऊन दिला, प्रत्येक नंबरला माणसाचा फोटो लावला. चेहऱ्यावर बोट ठेवलं की फोन लागतो, एवढं ती एका दुपारी शिकली. रिचार्ज मी माझ्या फोनवरून करणार होते. विमा कंपनीच्या ऑफिसात बसून मी रोज लोकांना पुढची वीस वर्षं आखून देते. एका मावशीचा रिचार्ज सांभाळणं काय अवघड, असं मला वाटलं.

पहिली गंमत कॉलर ट्यूनची झाली. मी फोन लावला की कधी भक्तिगीत ऐकू यायचं, कधी ढोलताशा, कधी कुणी हिंदीतून विरहात रडत असायचं. एकदा चुकून स्पीकर चालू राहिला आणि आमच्या साहेबांसमोर फोनमधून जोरदार लावणी सुरू झाली. साहेब म्हणाले, "मावशी हौशी दिसतात."

संध्याकाळी मी तिला विचारलं.

"ती बाई फोन करती," मावशी म्हणाली. "लय गोड बोलती. हे गाणं पायजे आसंल तर एक दाबा म्हणती. मग दाबतो मी."

"अगं, ती बाई नसते. रेकॉर्डिंग असतंय ते."

"रेकॉर्ड केलं म्हंजे कोणतर बोललीच आसंल की. तिला न्हाय कसं म्हणायचं?"

मी तिचा फोन तपासला. गाण्यांचे, राशिभविष्याचे आणि क्रिकेटच्या बातम्यांचेही पैसे कापले जात होते. भविष्य सिंह राशीचं येत होतं. मावशीची रास कुंभ. मी सगळ्या सेवा बंद केल्या, जाहिरातींचे फोन अडवायची सोय केली आणि त्यातूनही एखादा आलाच तर काय म्हणायचं ते शिकवलं: "भाचीला विचारून सांगतो." हे तिला फार आवडलं. रेकॉर्डिंगवाल्या बाईलाही ती हे शांतपणे सांगायची, तिचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची आणि मग फोन ठेवायची.

मला वाटलं, झालं काम. पण एके दिवशी तिच्या फोनला कव्हर घ्यायला मी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, तुमच्या मावशी म्हणजे आमचं पक्कं गिऱ्हाईक."

"कशाचं?"

"नेटपॅकचं. येत्यात, फोन फुडं ठेवत्यात, म्हणत्यात संपलं, टाक. कधी कधी दिवसातनं दोनदा. मी इचारलं बी, एवढं नेट कशाला लागतंय मावशी? तर म्हणाल्या, लागतंय."

तिच्या पॅकमध्ये रोजचं भरपूर नेट होतं. तिला ना वाचता येत होतं ना काही शोधता. मी तशीच तिच्या घरी गेले. ती नव्हती, खालच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींकडं किल्ली होती. वहिनी म्हणाल्या, मावशीनं हल्ली दूध निम्म्यावर आणलंय, विचारलं तर पोटाला जड होतंय म्हणते. वातींचे पैसे कुठं चालले होते ते आता कळलं. कुणीतरी हिला फसवतंय, हिच्या फोनवरून कुणी भलतंच नेट वापरतंय, नाहीतर एखादा गोड बोलणारा माणूस हिला भेटलाय, असं काय काय डोक्यात आलं.

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. न कळवता गेले. जिना चढताना कान देऊन ऐकलं, कुणाचाच आवाज नव्हता. दार उघडं. मावशी भिंतीला टेकून फुलवाती वळत होती. समोर फडताळावर डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. पडद्यावर एक बाई पाठमोरी बसून शेंगा फोडत होती.

ती पन्हाळ्याकडच्या कोडोली गावात राहणारी, आमची कोडोलीची मावशी होती. ह्या दोघी चुलत बहिणी, एकाच अंगणात वाढलेल्या. तिचा नवरा वारलेला, मुलगा-सून दिवसभर रानात. घरात तीही एकटीच.

मी दारात उभी राहून बघत राहिले. इकडं वाती, तिकडं शेंगा. कुणी काही बोलत नव्हतं. मध्येच पडद्यातली मावशी उठली, दिसेनाशी झाली, भांड्यांचा आवाज आला, परत येऊन बसली. माझ्या मावशीनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"हे दिवसभर असंच चालू असतंय?" मी विचारलं.

मावशी दचकली. फोनमधून मोठ्यानं प्रश्न आला, "कोण आलंय गं?"

"माझी भाची."

"आगं ये ये! जेवलीस काय?"

"जेवले. पण तुम्ही दोघी बोलत का नाही?"

"बोलायचं काय आसतंय रोज?" कोडोलीची मावशी म्हणाली. "एका घरात ऱ्हाणारी माणसं सारखी बोलत्यात व्हय?"

मग सगळं कळलं. सकाळी बस्तीतून आल्यावर कोडोलीहून व्हिडिओ कॉल यायचा. आंघोळ-धुणं झालं की पुन्हा. दिवस मावळायच्या आत दोघी समोरासमोर बसून जेवायच्या, कारण दोन्हीकडं रात्री जेवत नाहीत. कोडोलीत तिच्या मुलाचं घरातलं इंटरनेट होतं, त्यामुळं नेट संपतं हे तिला कळतच नव्हतं. इकडं नेट संपलं की चित्र थांबायचं. मग माझी मावशी चप्पल घालून दुकानात जायची.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू रागावशील म्हणून." तिनं वातीला नको इतका पीळ दिला. "फोन बोलायला दिलाईस. आमी बोलतच न्हाय."

मला राग आलाच नव्हता. पण दुधाचं काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी त्यातल्या त्यात शहाणपणाचा तोडगा काढला. रोज एकच तास, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. दुकानदाराला सांगितलं, मला विचारल्याशिवाय नेट टाकायचं नाही. दूध पूर्वीसारखं सुरू करायचं. कोडोलीची मावशी म्हणाली, "तासात काय हुतंय? तास तर नुसतं चूल पेटवण्यात जातोय." पण ऐकलं दोघींनीही. मावशीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. फक्त मी तिच्याकडं गेले की तिचा डोळा फडताळाकडं जायचा.

पुढचा प्रसंग मी बघितलेला नाही. पण दोघींकडून इतक्यांदा ऐकलाय की मी तिथं होते असंच मला वाटतं.

संध्याकाळची जेवणाची वेळ. फोन फडताळावर, दोघींची ताटं वाढलेली. दारात एक तरुण आला, गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी. कंपनीची जाहिरात आहे, पितळ-चांदी-सोनं फुकट उजळून देतो, म्हणाला. आधी त्यानं समई चकचकीत करून दाखवली. मग म्हणाला, हातातली पाटली द्या, दोन मिनिटांत नवी करतो. मावशी पाटली काढायला लागली. आजीची पाटली ती.

"भाचीला विचारून..." एवढं ती म्हणालीही. पण तो म्हणाला, "आई, विचारायचं काय त्यात, फुकटच हाय," आणि मावशीला पुढचं सुचेना.

तेवढ्यात आतून आवाज आला. कोडोलीच्या मावशीचा आवाज रानात दोन बांध पलीकडं जातो.

"ओ पावणं! कुठलं गाव तुमचं?"

तो माणूस चपापला. "आत कोण हाय?"

"माझी भन," मावशी म्हणाली. खोटं बोलणं तिला येतच नाही, आणि ते खोटं नव्हतंच.

"थांबा तितंच! आलो मी भाईर! बघू तुमचं पॉलिश कसलं हाय!" पन्हाळ्याच्या पायथ्याला, भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेली बाई गरजली. आणि मागं वळून, नसलेल्या माणसाला उद्देशून, "आरं, ती काठी आण रं हिकडं!"

पुढं जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. खाली वहिनींनी फक्त धावणारी पाठ बघितली. त्याची पावडरची पुडी उंबऱ्यातच राहिली. मावशी पाटली परत मनगटात सरकवून जेवायला बसली.

"बिचारा," ती फोनला म्हणाली. "च्या बी न घेता गेला."

त्या संध्याकाळी मला एकापाठोपाठ दोन फोन आले. कोडोलीच्या मावशीनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "तासाची राखण ठेवलीईस व्हय माझी? बाकीच्या टायमाला कोण आला म्हंजे?"

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी पेठेत इंटरनेटची जोडणी देणाऱ्या केबलवाल्याला गाठलं. महिन्याचा आकडा ऐकून मला हसूच आलं. मावशी दुकानात जेवढं देत होती त्याच्या निम्म्यातच हे भागत होतं, आणि त्यात दिवसभर, रात्रभर, कितीही वेळ फोन चालणार होता. फोनमध्ये आता फक्त बोलण्याचा, वर्षभराचा एकच रिचार्ज टाकला, म्हणजे लाइट गेली तरी अडायला नको. खालच्या वहिनींनाही नेट हवंच होतं. त्यांनी तिसरा हिस्सा उचलला. मावशी हटून बसली की तिचाही हिस्सा वातींच्या पैशातून घ्यायचा. मी नको नको म्हणाले.

"माझ्या घरातलं हाय न्हवं? मग मी देणार."

घेतले मी. ती दर महिन्याला पैसे माझ्या हातात ठेवते आणि तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

केबलवाल्यानं भिंतीवर डबी बसवली, हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मावशीनं लगेच फोन फडताळावर ठेवला. चित्र आलं. पलीकडून विचारलं गेलं, "आता किती येळ?"

"आता कवाच संपत न्हाय," मावशी म्हणाली. कोडोलीची मावशी सूप घेऊन गहू पाखडायला लागली.

गेल्या दिवाळीनंतर कोडोलीची मावशी प्रत्यक्षात चार दिवस राहायला आली. माझ्या मावशीनं आठवडाभर आधीपासून घर घासलं, नवी चादर काढली. मी रविवारी भेटायला गेले तर घरात शुकशुकाट, मावशी एकटीच, पाहुणी दुसऱ्याच दिवशी परत गेलेली.

"काय झालं?"

"आमटीत मीठ लय घालती ती," मावशी म्हणाली. "पंखा बंद करती. माझ्या वाती जाड हुत्यात म्हणाली. माझ्या वाती!"

इतकी रागावलेली मी तिला आयुष्यात बघितली नव्हती. समजूत घालावी की हसावं कळेना. मी चहा टाकला. कप हातात घेतला न घेतला तोच फडताळावरचा फोन वाजला. मावशीनं बघितलं, तोंड फिरवलं, पुन्हा बघितलं. मग उठून चेहऱ्याखालच्या हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

"पोचलो काल," पडद्यातली मावशी म्हणाली. "गाडीत जागा मिळाली. आन् मीठ बरोबरच हुतं."

"लयच हुतं."

"बरोबर हुतं."

मावशीनं कापसाची पाटी पुढं ओढली, फोन डब्याला नीट टेकवला आणि पहिली वात वळायला घेतली. पलीकडं चुलीवर काहीतरी खदखदत होतं. मी माझा चहा घेऊन गॅलरीत गेले.