साडेपाच तासांचा सूड

मंडळी, आज दुपारी पार्ल्याच्या एका कॉलेजात मी सूड घेतला. मुलुंडला घरी येऊन चहा ठेवलाय आणि आधी तुम्हालाच लिहितेय.

मी सौरवादळांवर संशोधन करते. ज्या वादळाने उत्तर ध्रुवाकडचं आकाश रंगीत प्रकाशाने उजळतं, त्याच वादळाने आपल्याकडची चुंबकसुईही किंचित थरथरते. पीएचडीच्या वेळी त्या थरथरीच्या नोंदी मी तीन वर्षं हाताने उतरवल्या. माझ्या मार्गदर्शक सरांनी ती वही नेली आणि स्वतःच्या पुस्तकात, स्वतःच्या नावावर छापली.

वहीत माझी एक चूक राहिली होती. ध्रुवाकडच्या नोंदींसारख्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहायच्या असतात, मी भारतीय वेळेत लिहिल्या होत्या, म्हणजे साडेपाच तास पुढे. सांगायला गेले, तर सर म्हणाले, "तू आता यात पडू नकोस." मग नाही पडले.

आज सर व्यासपीठावरून सांगत होते, "ध्रुवावर प्रकाश दिसला की वादळ साडेपाच तासांनी भारतात पोहोचतं. हा माझा शोध!"

मी हात वर केला. "सर, बरोब्बर साडेपाचच का?"

मागून एक मुलगी ओरडली, "अय्या, हा तर घड्याळाचा फरक!" हॉलभर हशा.

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"वही माझीच होती ना, सर."

निघताना दिसलं, त्या मुलीनेही सरांनी पडद्यावर दाखवलेला तो चुकीचा आलेख आधीच उतरवून घेतला होता. सरांवर डूख धरताना अशा मुलींचा मी विचारच केला नव्हता.

तरी खरं सांगू? पुन्हा वेळ आली तर पुन्हा गप्प राहीन. तुम्ही राहिला असतात?