जोडीचा पगार

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत मजुरीची पाहणी करणाऱ्या एका कचेरीत तात्पुरता तपासनीस होतो. खुर्ची कचेरीची, भीती तेवढी माझी. यंत्रमागाच्या मालकांनी कामगारांची सरासरी आठवडी मजुरी म्हणून एक आकडा दिला होता. कामगार म्हणत होते, एवढी कुणाला मिळते तो माणूस दाखवा. आकडा टिकला तर मजुरीवाढीची मागणी बारगळणार होती. मी संख्याशास्त्र शिकलेलो, म्हणून पडताळणी माझ्या गळ्यात पडली.

पद्धत तशी सोपी. तूर्त मालकांचा आकडा खरा धरायचा. चिठ्ठ्या टाकून काही कामगार निवडायचे आणि त्यांना मजुरी विचारायची. त्यांची सरासरी कमी आली, तर ती नुसत्या योगायोगाने एवढी कमी येऊ शकते का, हे गणिताने पाहायचं. उत्तरं जितकी विखुरलेली, तितकी योगायोगाला जागा जास्त. साहेबांना यातला ‘शास्त्रीय’ हा शब्द फार आवडला होता. निकाल जाहीर करायच्या बैठकीसाठी लिहिलेल्या भाषणात तो त्यांनी जागोजाग पेरला होता.

चिठ्ठ्यांत माझ्या दादाचंही नाव निघालं. कामतघरच्या चाळीत दादा, वहिनी आणि मी एकाच खोलीत राहायचो. माझं शिक्षण दादाच्या मजुरीतूनच झालं होतं. मी साहेबांच्या कानावर घातलं. “चिठ्ठी ती चिठ्ठी,” ते म्हणाले. दादाला विचारायला मी सहकाऱ्याला पाठवलं.

गणित केलं. सरासरी कमी होती, पण उत्तरं अशी चहूकडे पसरलेली की योगायोग नाकारता येईना. याचा अर्थ मालकांचा आकडा खरा असा नव्हे. तो खोटा म्हणायला पुरावा अपुरा, एवढाच. साहेबांना हा फरक किरकोळ वाटला. “म्हणजे सिद्धच झालं की!” बैठकीसाठी हार सांगून झाले होते.

मला मात्र एक उत्तर खटकत होतं. सगळ्यांत मोठ्या उत्तरांपैकी एक दादाचं होतं. दर पगाराला तो वहिनीच्या हाती जे ठेवायचा, ते मला ठाऊक होतं. त्याने सांगितलेला आकडा त्याच्या दुप्पट होता. मग उरलेलं जात कुठे होतं? मटका? दुसरं घर? मागणीची काळजी होतीच, तिच्या शेजारी आता ही येऊन बसली. आणि दादाचं उत्तर वगळावं, तर भावाच्या मजुरीवाढीसाठी आकडे फिरवले असं कुणीही म्हणालं असतं.

रविवारी दोघं जेवायला बसलो, तेव्हा धीर करून विचारलं. “दादा, पगार एवढा सांगितलास. घरात अर्धाच येतो.”

दादाने घास खाली ठेवला. “म्हंजे? बाई ठेवलीय असा वाटला काय तुला?”

“ठेवा ना,” वहिनी चुलीपासून म्हणाली. “पाणी भरायला तरी कोन येल.”

“अरे, आमच्या लूमवर दिवसाला मी, रातीला भैया. कापडाचा ताका दोघांचा मिळून पुरा होतो. शेठ पैसे एकाच्याच हातात देतो. या हप्त्याला माझ्या, फुडल्या हप्त्याला त्याच्या. भायेर टपरीवर अर्धे अर्धे करतो. तुझ्या मानसाने इचारला, हातात किती पडले. पडले ते सांगितले.”

“आणि भैयाला विचारलं असतं तर?”

“त्या हप्त्याला पैसे घ्यायची त्याची पाळी न्हवती. तो वाटणीचं बोलला असता.”

‘हातात किती पडले’ हा प्रश्न मीच तयार केला होता. आमच्या नमुन्यात कुणी एकट्याचा पगार सांगितला होता, कुणी दोघांचा. सरासरी फुगली होती, आणि पसाराही त्यानेच वाढला होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो, सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल.

“भाऊ आहे म्हणून?”

“फक्त भावाला वगळतो असं म्हणालो असतो, तर तसं झालं असतं. मी सगळ्यांना म्हणतोय.”

त्यांनी भाषणाचा कागद पुढे ओढला. चुकीच्या आकड्यांना शास्त्रीय म्हटल्याचं पुढे कुणी दाखवून दिलं तर, ही भीती त्यांना माझ्या युक्तिवादापेक्षा लवकर पटली असावी. परवानगी मिळाली.

आम्ही पुन्हा त्याच माणसांकडे गेलो. या वेळी प्रश्न होता: वाटणी झाल्यावर तुमच्याकडे किती उरले? बेरीज मीच केली. हवं ते उत्तर येऊ लागलं की मला माझाच संशय येतो. म्हणून दर ओळ सहकाऱ्याकडून तपासून घेतली. सरासरी खाली आली, पसारा आटला. योगायोगाला जागा उरली नाही. मालकांचा आकडा टिकला नाही.

बैठकीत साहेबांनी तेच भाषण केलं, फक्त शेवट बदलून. मालकांनी कुरकुरत थोडी वाढ दिली.

वाढीचा पहिला पगार दादाच्या आठवड्यात आला. मी टपरीवर गेलो, तेव्हा दादा आणि भैया वाढीचे पैसे वेगळे काढून वाटत होते. एक नाणं जास्त उरलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याचा चहा मला पाजला.